आनंदीबाईंची पत्रे आणि आपले वाचन

डॉ. आनंदीबाई जोशी यांची मराठी वाचकाला झालेली ओळख बहुधा श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीतून झालेली असते. ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून राम जोगळेकरांनी नाटक लिहिले आणि २०१९ साली समीर विद्वांस यांनी त्याच नावाचा चित्रपट काढला. या तिन्ही कृतींचे मोल आम्ही नाकारीत नाही. कादंबरीतील गोपाळराव हे तर मराठी कथासाहित्यातील एक ठसठशीत पात्र आहे. तथापि हा ठसा इतका गडद आहे की शेजारची आनंदी त्यांच्या हट्टाचे फलित म्हणूनच आपल्या लक्षात राहते. ती स्वतः काय म्हणत होती, हा प्रश्न वाचकाला पडेनासा होतो.

वस्तुतः तिचे म्हणणे कागदावर शिल्लक आहे. फिलाडेल्फियात १८५० साली स्थापन झालेले पेनसिल्व्हेनियाचे स्त्री-वैद्यकीय महाविद्यालय पुढे अनेक स्थित्यंतरांतून ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सामावले गेले. जुन्या संस्थेची दप्तरे तेथील अभिलेखागारात जपलेली आहेत आणि त्यांत आनंदीबाईंचे प्रवेशासाठीचे पत्र आहे. त्यावर २८ जून १८८३ ही तारीख आहे. अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवून तेव्हा त्यांना महिनाही झाला नव्हता आणि वय होते अठरा वर्षे.

हे पत्र विनवणीचे असेल अशी आपली अपेक्षा असते, ती ते पुरी करीत नाही. आपली तयारी महाविद्यालयाच्या सर्व अटींना पुरेशी नसेल, हे आनंदीबाई आधीच सांगून टाकतात. मग काय शिकलो, किती भाषा येतात, याचा हिशेब मांडतात. आप्त आणि जात यांचा एकवटलेला विरोध पत्करून आपण येथवर आलो, तोच निर्धार उणिवा भरून काढील, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी हे शिक्षण हवे, हे कारण त्या निःसंदिग्धपणे नोंदवतात. सबंध पत्रात पतीच्या इच्छेची ढाल कोठेही पुढे केलेली नाही. कादंबरीत जी आनंदी घडवली जाते, ती येथे स्वतःची वकिली स्वतः करते.

त्याच अभिलेखागारातील १० ऑक्टोबर १८८५ चे छायाचित्र आता सर्वपरिचित झाले आहे. भारताच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली अशा तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशीच्या वेषात त्यात आहेत. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी. छायाचित्राखालील ओळीत मात्र त्यांच्या नावाआधी 'डॉ.' आहे, नाव 'आनंदाबाई' असे आहे आणि सेरामपूरचे स्पेलिंग ओळखू येऊ नये इतके बिघडले आहे. दूरदेशच्या स्त्रिया आपल्याकडे शिकतात, हा संस्थेचा अभिमान त्या चित्रात आहे. त्या स्त्रिया मुळात कोण, कोठल्या, याविषयीची बेफिकिरीही आहे. आपणही वेगळे काय करतो? उरलेल्या दोघींना कातरून आनंदीबाईंचे एकटीचे चित्र भिंतीवर लावतो. मूळ चित्र तिघींचे आहे. घरापासून हजारो मैलांवर तिला तिच्यासारख्याच आणखी दोघी भेटल्या होत्या, हे त्या कातरण्यात हरवते.

अर्थात अभिलेखागार म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. संस्थेला जे पत्र येते तेच संस्था जपते, आणि संस्थेला लिहिताना माणूस शब्द तोलून लिहितो. आनंदीबाईंचे दुसरे रूप त्यांनी अमेरिकेहून गोपाळरावांना लिहिलेल्या पत्रांत आहे. एका पत्रात त्या बालपणीच्या माराची आठवण देतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या ढलप्या, अंगावर फेकलेल्या खुर्च्या, बाराव्या वर्षी टाकून जाण्याची धमकी, असे सारे त्या क्रमाने सांगतात. आणि निवाडा देतात की अंतिम हेतूकडे पाहता ते वागणे योग्य होते, परंतु मुलाच्या मनावरील परिणामांकडे पाहता अयोग्य होते. हा निवाडा कादंबरी आणि चित्रपट यांच्या पचनी पडत नाही. कारण कथेला राग तरी हवा असतो किंवा कृतज्ञता तरी. आनंदीबाई दोन्ही एकाच वाक्यात ठेवतात. आमच्या मते हीच त्यांची वाङ्मयीन शक्ती होय.

काशीबाई कानिटकरांनी १८८९ च्या सुमारास आनंदीबाईंचे चरित्र लिहिले. त्यांच्या ग्रंथाच्या नावातच 'चरित्र' आणि 'पत्रे' हे दोन्ही शब्द आहेत. अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्येच पत्रांच्या आधारे चरित्र सिद्ध केले होते. पुढे अंजली कीर्तने आणि मीरा कोसंबी यांनी दोन्हीकडची साधने एकत्र आणली. म्हणजे संशोधकांनी आपले काम चोख केले आहे. वाचक मात्र अजून कादंबरीपाशी थांबला आहे. मोहगावच्या वाचकाला याहून अधिक सांगायला नको. आपल्या अर्धनारीश्वरात दोन्ही अर्धे सारखेच स्पष्ट असतात. 'आनंदी गोपाळ' या जोडनावात एक अर्धे झाकले गेले, ते पत्रांनी उघडे होते.

आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविशी पुरी झाली नव्हती. त्यांची पत्रे टिकली, कारण ज्यांना ती आली त्यांनी ती फेकली नाहीत. रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी ठेवली, महाविद्यालयाने ठेवली. आपल्या पट्ट्यात मराठी घरात आणि हिंदी कचेरीत, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. खसऱ्याचे कागद आपण कुलपात ठेवतो, कारण कचेरीत ते लागतात. आजीने माहेरी लिहिलेले मराठी कार्ड कोणत्याच कचेरीत लागत नाही, म्हणून ते रद्दीत जाते. आणि त्या घरातील स्त्रीविषयी पुढे जे काही सांगितले जाते, ते दुसऱ्याच कोणाच्या तोंडून. आनंदीबाईंसारख्या स्त्रीलाही ते चुकले नाही. तिच्या बाजूने साक्ष द्यायला निदान तिचे हस्ताक्षर उरले. आपल्या घरांतील किती जणींचे उरेल, हे ट्रंका रिकाम्या करताना आपण काय बाजूला काढतो त्यावर ठरणार आहे.