नाममुद्रा कुणाची? महाजालावरील साहित्यसाधनांचा सोलापुरातून घेतलेला धांडोळा

सिद्धरामेश्वर हे सोलापूरचे ग्रामदैवत. संक्रांतीला नंदीध्वज निघतात, गड्ड्याची जत्रा भरते, आणि त्या दिवसांत सगळे शहर त्यांच्या नावाने रस्त्यावर येते. हे बाराव्या शतकातले शिवयोगी या गावचे थोर कवीही होते, याची आठवण मात्र त्या गर्दीत थोड्यांनाच असते. सोन्नलगी म्हणजे आजचे सोलापूर. तिथल्या सिद्धरामांनी कन्नडमध्ये वचने रचली आणि त्यांत 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही आपली मुद्रा घातली. आज कन्नडमधील 'वचन संचय' या संकेतस्थळावर शरणांची वीस हजारांहून अधिक वचने एकत्र आहेत आणि त्यांत शब्दागणिक शोध घेता येतो. एखादा शब्द टाइप करावा, तो कोणत्या वचनकाराने कुठे वापरला ते समोर येते. सिद्धरामांची वचनेही त्यात आहेत. हे काम काही संगणक जाणणाऱ्या स्वयंसेवकांनी कन्नडच्या अभ्यासकांना सोबत घेऊन केले.

आता याच गावाच्या विसाव्या शतकाकडे यावे. कुंजविहारी, गीतकार म्हणून घरोघर पोचलेले संजीव म्हणजे कृष्ण गंगाधर दीक्षित, दत्ता हलसगीकर. या तिघांना ऐकलेली, त्यांच्याशी बोललेली माणसे अजून शहरात आहेत. पण या कवींचा समग्र, पाठ तपासलेला आणि शोधता येईल असा संग्रह महाजालावर नाही. संजीवांनी अमुक शब्द किती वेळा वापरला, कुंजविहारींच्या कवितेत गिरणगावाचे सोलापूर कुठे कुठे डोकावते, असा प्रश्न पडला तर ग्रंथालयात जाऊन कपाटे उघडणे हाच मार्ग. आठशे वर्षांपूर्वीचा कन्नड कवी एका बोटावर आणि कालपरवाचा मराठी कवी कुलुपात, ही स्थिती मला साधनांच्या सर्व चर्चेची सुरुवात वाटते.

कवी-लेखकांसाठी उपयुक्त संकेतस्थळे आणि संस्था यांच्या याद्या अधूनमधून मोबाइलवर फिरत येतात. त्यांत शब्दकोश, ई-पुस्तके, स्पर्धा, पुरस्कार, 'आपली कविता पाठवा' असे आवाहन करणारे समूह, सगळे एकाच पंगतीला बसवलेले असते. ती यादी पुढे ढकलणाऱ्याने त्यातली चार तरी साधने वापरून पाहिली असतील की नाही, अशी शंका येते. मी या साधनांकडे एकच प्रश्न घेऊन गेलो : इथे चूक निघाली तर कोणाला विचारायचे? सिद्धरामांच्या वचनात जशी नाममुद्रा आहे, तशी या साधनावर कोणाची आहे?

या कसोटीला सर्वांत चांगले उतरतात ते जुने कोश, आणि ते भेटतात शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, तिथे आहे ती १८५७ची दुसरी आवृत्ती), वझे यांचा कोश, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', आणि तुळपुळे व फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) असे चार पिढ्यांचे काम तिथे विनामूल्य मिळते. कवीच्या दृष्टीने यांत दाते-कर्वे पहिला. अर्थाखाली वापराची अवतरणे आहेत, ती कोणत्या ग्रंथातली याच्या खुणा आहेत, प्रांतिक शब्दांची दखल आहे. सोलापूरच्या हातमागावरचा 'धोटा' किंवा 'फणी' हा शब्द कवितेत घालणाऱ्याला तो शब्द किती जुना, किती दूरवर पसरलेला, हे इथे कळू शकते.

पण हे कोश वापरायला शिकावे लागते, आणि याद्या ते सांगत नाहीत. आजच्या पद्धतीने 'लुगडे' लिहून शोध घेतला तर निराशा पदरी येऊ शकते, कारण कोशात तो शब्द 'लुगडें' असा आहे. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, बहुतेक कोश त्याआधीचे. ज्याला ही एवढी गोष्ट ठाऊक नाही तो 'मोल्सवर्थमध्ये शब्दच नाहीत' असे म्हणून मोकळा होतो. शाळेत कोश कसा पाहावा हे शिकवले जात नाही ही जुनी तक्रार. आता शिकवायच्या गोष्टीत अनुस्वाराचीही भर पडली आहे.

या कोशांची आणखी एक मर्यादा सोलापुरात विशेष जाणवते. इथली मराठी कन्नड, तेलुगू आणि दखनी यांच्या शेजारात वाढलेली. पद्मशाली वस्तीतली तेलुगू, अक्कलकोट रस्त्यावरची कन्नड, विजापूर वेशीतली उर्दू यांतून आलेले शब्द सोलापूरकराच्या तोंडी सहज असतात. त्यामुळे इथल्या लेखकाला चार भाषांची साधने लागतात. कन्नडसाठी 'अलर' हा कोश आहे. व्ही. कृष्ण या एका माणसाने जवळजवळ चार दशके खपून तो केला आणि २०१९मध्ये सर्वांसाठी खुला केला. उर्दूसाठी २०१३पासून 'रेख्ता' आहे. तिथे कवीचे नाव उघडले की गझला मिळतात, त्या उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्यांत वाचता येतात, आणि शब्दावर बोट ठेवले की अर्थ येतो. मराठी कवितेला असे घर नाही. रेख्तामागे एका उद्योजकाचा पैसा आहे हे खरे, पण 'वचन संचय'मागे तो नव्हता. म्हणून पैशाची सबब मला अर्धीच पटते.

मराठीत शासकीय साधने पुष्कळ आहेत आणि त्यांची टिंगल करण्याची फॅशनही आहे. ती अन्यायाची आहे. विश्वकोशाच्या नोंदी संकेतस्थळावर आहेत आणि बहुतेक नोंदींखाली लेखकाचे नाव आहे, हीच नाममुद्रा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी प्रकाशने उतरवून घेता येतात. या मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेबद्दल तर नवोदितांनी आवर्जून माहिती करून घ्यावी. अनुदानाच्या रकमेपेक्षा मला त्यातले एक मोलाचे वाटते : हस्तलिखित तज्ज्ञाकडून तपासले जाते. ओळखीबाहेरच्या एका वाचकाने आपले पहिले पुस्तक वाचणे, ही गोष्ट आज दुर्मीळ झाली आहे.

स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांचा मोठा साठा इंटरनेट अर्काइव्हवर आहे. त्यात भारतीय डिजिटल ग्रंथालय प्रकल्पातील हजारो मराठी पुस्तके येतात. पण तिथे ग्रंथनामे रोमन लिपीत, ज्याला जशी सुचली तशी लिहिलेली. एकाच लेखकाचे आडनाव तीन तऱ्हांनी. देवनागरीत शोधणाऱ्याला यातले बरेचसे कधीच दिसत नाही. पुस्तक आहे, पण त्याच्या नावाची जबाबदारी कोणी घेतली नाही, म्हणून ते नसल्यासारखे. 'शोधगंगा'वरील प्रबंधांचे दुखणे वेगळे. अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठासह देशभरच्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे आहेत आणि स्थानिक साहित्यिकांवर काम करणाऱ्याला ही खाणच आहे. मात्र अनेक मराठी प्रबंध युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेले. डोळ्यांना मराठी दिसते, यंत्राला ती अगम्य अक्षरे असतात. दिवाळी अंकांचेही तेच. १९०९च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेल्या या परंपरेतला गेल्या तीसचाळीस वर्षांचा मोठा भाग संगणकावरच जुळवला गेला, तरीही शोधता येत नाही.

जिथे नाममुद्रा नसते तिथे काय घडते, याचे उदाहरण हलसगीकरांचे. ज्यांच्यापाशी आहे त्यांनी थोडे द्यावे, असे सांगणारी त्यांची एक साधी कविता महाराष्ट्रभर फिरते. शुभेच्छापत्रांवर, निरोप समारंभांत, दररोजच्या 'सुप्रभात' संदेशांत. बहुतेकदा कवीच्या नावाशिवाय, कधी दुसऱ्याच थोर कवीच्या नावावर. कवितेचे लोकगीत झाले, असे म्हणून यात कोणी आनंद मानतात. मला तो मानता येत नाही. संतांनी अभंगातच नाव विणले होते, शाहिरांनी लावणीच्या शेवटी. मौखिक परंपरेलाही कर्त्याची चाड होती. आजच्या कवीची सही कवितेच्या खाली असते, आणि ओळी उचलताना पहिली तीच गळते.

याच्या उलट बाजूला नावाचा सुकाळ आहे. प्रवेशशुल्क भरा, 'प्रातिनिधिक' संग्रहात कविता घ्या, सन्मानपत्र आणि चषक मिळवा, असे आवाहन करणारे उपक्रम दरमहा दिसतात. संग्रहाला संपादक असतो, पण त्याने नाकारलेली कविता कोणी पाहिलेली नसते. ही लाट आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत अशाच एका संस्थेला लोकांनी मुद्दाम भिकार कविता पाठवून पाहिल्या. त्याही निवडल्या गेल्या. तिथल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने १९९८पासून 'रायटर बिवेअर' हा उपक्रम चालवला आहे. फसवे प्रकाशक, शुल्क उकळणारे स्पर्धावाले, लेखकाचे हक्क गिळणारे करार यांची नावानिशी माहिती तो लेखकांना देतो. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ची, विदर्भ साहित्य संघ १९२३चा, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५चा. संमेलने भरवणे, पुरस्कार देणे हे काम या संस्था निष्ठेने करतात. सोलापुरातही १९४१ला खांडेकरांच्या आणि २००६ला मारुती चितमपल्लींच्या अध्यक्षतेखाली संमेलन झाले. पण वीस वर्षांच्या मुलाने 'या स्पर्धेला पैसे भरू का?' असे विचारायचे ठिकाण म्हणून यांच्यापैकी कोणाकडे पाहिले जात नाही. त्यासाठी इमारत लागत नाही. एक जाणता माणूस आणि उत्तर देण्याची सवय पुरे.

ती सवय काय करू शकते हे सुरेश भटांनी दाखवले होते. 'गझलेची बाराखडी' ही छोटी पुस्तिका त्यांनी लिहिली आणि मागणाऱ्या नवोदितांना ती टपालाने पाठवली. आलेल्या गझलांना उत्तरे दिली. आज तो मजकूर कोणालाही क्षणात मिळतो. वृत्त, काफिया, रदीफ कळायला तो पुरेसा आहे. मिळत नाही ते उत्तर. अलीकडच्या पुष्कळ गझलांत मात्रा बिनचूक आणि शेर निर्जीव असतो. त्याचे एक कारण, तंत्र पोचले आणि टपाल थांबले, हे असावे असे मला वाटते.

सोलापूरपुरते बोलायचे तर काम मोजता येण्याजोगे आहे. कायद्याची अडचण आहेच. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. माधव जूलियन १९३९ला गेले, त्यामुळे 'छंदोरचना' केव्हाच सर्वांची झाली आहे. ती युनिकोडमध्ये, उदाहरणांसह शोधता येईल अशी मांडायला कोणाची परवानगी नको. कुंजविहारी १९७८ला गेले, म्हणजे त्यांची कविता २०३९च्या १ जानेवारीला मुक्त होईल. संजीवांसाठी २०५६ उजाडेल. तोवर वाट पाहायची की आताच वारसांना पत्र लिहायचे, हे परिषदेच्या शाखेने, विद्यापीठाच्या मराठी विभागाने आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयाने एकत्र बसून ठरवावे. तिघांच्या संग्रहांची यादी, प्रत्येक कवितेचा पहिला छापील पाठ, टंकन, दोन वेळा मुद्रितशोधन, आणि पानाच्या तळाशी हे काम करणाऱ्याचे नाव. मराठीच्या एम.ए.च्या एका वर्गाला दोन वर्षे पुरेल एवढे हे काम आहे, आणि सुरुवात हलसगीकरांच्या त्या नाव गळलेल्या कवितेपासून करता येईल.