एलियटचे दगड आणि विधिक चांभार

म्युझियम बघायला जाणं ही आपल्या घरातली रीत नव्हे. आपण जत्रेला जातो, मोर्चाला जातो, ६ डिसेंबरला दादरला जातो. काचेआडच्या वस्तू बघायला जायचं ते पोट भरलेल्यांनी, असं आपणच ठरवून टाकलेलं. मी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेलो तो भाचीमुळं. ती तिकडं नर्स आहे. तिनं तिकीट काढलं म्हणून मी विमानात बसलो. पण कुठं जायचं ते माझं मी ठरवून गेलो होतो. मला अमरावतीचे दगड बघायचे होते.

अमरावती म्हणजे आपल्या वऱ्हाडातली नव्हे. आंध्रात कृष्णा नदीच्या काठावर अमरावती आहे. तिथं दोन हजार वर्षांपूर्वी प्रचंड मोठा स्तूप उभा होता. पैठणचे म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या सातवाहनांच्या काळात तो फुलला. आज तिथं बुटकं टेकाड तेवढं उरलंय. दगड तीन वाटांनी गेले. काही लंडनला, काही चेन्नईच्या सरकारी म्युझियममध्ये, काही अमरावतीतच. भावकीत जमीन वाटावी तशी बुद्धाच्या स्तूपाची वाटणी झाली.

आधी म्युझियमविषयी सांगतो. १७५३ साली पार्लमेंटच्या कायद्यानं ते स्थापन झालं आणि १७५९ साली लोकांना खुलं झालं. मुख्य संग्रह बघायला पैसे पडत नाहीत. याच इमारतीतल्या ग्रंथालयात बाबासाहेब १९२०च्या सुमारास वाचत बसायचे. दिवसभर वाचन, खाण्यापिण्याची आबाळ, ही हकिगत तुम्हाला पाठ आहे. अमरावतीचे दगडही तेव्हा याच इमारतीत होते.

आता ते ३३ अ क्रमांकाच्या दालनात काचेपलीकडं आहेत. सव्वाशेच्या आसपास नग. फिकट पांढरा, जरासा हिरवट चुनखडीचा दगड. एका शिळेवर साक्षात स्तूपच कोरलाय. घुमट, कठडा, दारापुढचे खांब, वर गर्दी करणारी माणसं. स्तूप कसा दिसत होता हे आज आपल्याला कळतं ते अशा शिळांमुळं. त्याच शिळेच्या पाठीमागं वेगळं चित्र आहे. ते तीनेकशे वर्षं आधीचं. झाड, झाडाखाली रिकामं आसन, भोवती हात जोडलेले लोक. बुद्धाची आकृतीच नाही. त्या काळी तो असाच दाखवायचे, रिकाम्या आसनानं, पावलांच्या ठशांनी. पुढं कुणीतरी तीच शिळा उलटी करून दुसऱ्या बाजूला नवं काम केलं. दगड वाया घालवायचा नाही, ही कष्टकऱ्याची अक्कल.

भाची म्हणाली, “मामा, हे सुंदर आहे म्हणून बघायचं, की आपलं आहे म्हणून?”

मित्रहो, या एका प्रश्नावर मला हा लेख लिहावा लागतोय.

पांढरपेशा समीक्षक या दगडांपुढं उभा राहिला की रेषा, लय, लालित्य यांच्या गोष्टी सांगतो. त्या खोट्या नाहीत. अमरावतीची माणसं वेलीसारखी वळलेली आहेत, गर्दीतसुद्धा एकेकाचा चेहरा वेगळा आहे. ज्याला हे दिसत नाही तो आंधळा. पण लालित्यावर थांबलेली समीक्षा एक प्रश्न टाळते. हा दगड इथं बसवला कुणी? पैसे कुणाचे? त्याचं उत्तर दगडावरच लिहिलेलं आहे, आणि त्या उत्तरापाशी मी माझ्या बापासकट अडकलोय.

हाइन्रिश ल्यूडर्स या जर्मन पंडितानं १९१२ साली ब्राह्मी शिलालेखांची मोठी यादी छापली. तिच्यात अमरावतीचे लेख आहेत. राजांचे लेख त्यात थोडे. बाकी सगळी माणसं: भिक्षू, भिक्षुणी, उपासिका, व्यापारी, गृहपती, सुगंधी द्रव्यं विकणारा. कुणी खांब दिला, कुणी शिळा दिली, कुणी कठड्याची आडवी पट्टी. त्यातच एक लेख आहे विधिकाचा. त्यानं पूर्णघट कोरलेली शिळा दिली. पूर्णघट म्हणजे काठोकाठ भरलेला, कमळं बाहेर आलेला घडा. आणि हा विधिक स्वतःची ओळख काय देतो? चम्मकार.

चम्मकार. म्हणजे चांभार. शब्द जरा झिजून आपल्या तोंडी आला एवढंच.

पुढं आणखी आहे. हा चम्मकार स्वतःला नाग नावाच्या उपज्झायाचा, म्हणजे उपाध्यायाचा, शिक्षकाचा मुलगा म्हणवतो. बाप शिकवतो, पोरगा कातडं कमावतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच ओळीत, न लाजता. मग तो दानात कुणाकुणाला सामील करून घेतो? आई, बायको, भाऊ, नाग नावाचा मुलगा, मुली, नातलग, मित्र. सगळं घरदार त्या एका शिळेवर.

इथं आपल्यातला उत्साही कार्यकर्ता लगेच म्हणेल, बघा, ‘नाग’ आलं, म्हणजे हे आपले नागवंशीय. माझं म्हणणं, सबुरी. नाग हे त्या काळी सर्रास ठेवलं जाणारं नाव होतं. एका नावावर वंश उभा करू नये. तसंच एका लेखावरून तेव्हा जात नव्हती असंही सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते एवढंच, की त्या स्तूपाला चांभाराचं दान चाललं, त्याचं नाव चाललं आणि त्याचा धंदाही नावासकट चालला. एवढं मला पुरे आहे. बाबासाहेबांनी आपल्याला पुराव्यानिशी बोलायला शिकवलं. पुराव्यापुढं पळायला नाही.

विधिकाची शिळा शोधायला मी लंडनला गेलो नव्हतो. तिच्या शेजाऱ्यांना भेटायला गेलो होतो. ज्या वस्तीत तो राहिला त्या वस्तीतले हे दगड.

आणि या दगडांना इंग्रजांनी नाव काय दिलं? ‘एलियट मार्बल्स’. वॉल्टर एलियट या मद्रासच्या अधिकाऱ्यानं १८४५ साली तिथं खोदकाम केलं. दगड मद्रासला नेले, ते उघड्यावर पडून राहिले. १८५९ साली १२१ नग लंडनला रवाना झाले. तिथंही हालच. १८६७ साली जेम्स फर्ग्युसनला बरेच दगड एका गाडीखान्यात सापडले. त्यानं पुढच्याच वर्षी त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ छापला आणि ग्रंथाच्या नावात घातलं काय, तर वृक्षपूजा आणि सर्पपूजा! १८८० साली दगड ब्रिटिश म्युझियमकडं आले. ज्यांनी घरातलं पोटाला चिमटा घेऊन दिलं त्यांची नावं यादीत गाडली गेली आणि ज्यानं खणून नेलं त्याचं नाव कपाळावर बसलं. त्यातही गंमत अशी की हा दगड संगमरवर नाहीच. दोन शब्दांचं नाव, आणि दोन्ही शब्द खोटे.

पण मित्रहो, इथं थांबलो तर आपण फसलो. “इंग्रजांनी लुटलं, परत आणा” ही आरोळी सोपी आहे. दगड परत यावेत असं मलाही वाटतं. १९६३चा ब्रिटिश म्युझियमचा कायदा सहजासहजी काही देऊ देत नाही, तो बदलायला भाग पाडलं पाहिजे. पण आरोळी मारणाऱ्याला मी एक विचारतो. कॉलिन मॅकेन्झी हा इंग्रज अधिकारी १७९७ साली तिथं पोचला, त्याच्या आधीच टेकाड कोण खणत होतं? तिथलाच जमीनदार राजा वासिरेड्डी वेंकटाद्री नायुडू. त्याला नवं गाव वसवायचं होतं, बांधकामाला दगड हवे होते. लोकांनी चुन्यासाठीही हे दगड जाळले. कोरलेली शिळा भट्टीत घालायची आणि तिचा चुना भिंतीला लावायचा. पुढं १८८० साली मद्रास सरकारनं उरलासुरला स्तूप साफ उकरून काढला. म्हणजे मोडणारे घरचेही होते, बाहेरचेही. स्तूप कुणाचा होता हेच ज्यांनी आधी विसरवलं, ते दगडांच्या चोरीबद्दल आज रडतात.

म्युझियमची एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. ज्या हान्स स्लोनच्या संग्रहातून ते उभं राहिलं, त्याच्या पैशात जमैकातल्या उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांचे कष्ट होते. २०२० साली त्याचा पुतळा चौथऱ्यावरून काढून काचेच्या कपाटात ठेवला आणि गुलामीशी असलेला संबंध तिथं सांगितला. उशिरा झालं, थोडं झालं, पण झालं. आपल्याकडं देवळं, गढ्या, वाडे पुष्कळ आहेत. वेठबिगारीची पाटी कुठल्या वाड्याला लागली?

आता घरचा हिशेब.

माझा बाप तालुक्याच्या एस. टी. स्टँडसमोर रापी आणि आरी घेऊन बसायचा. गिऱ्हाईकानं त्याला नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. चम्मकार हा शब्द विधिकानं दगडावर कोरून घेतला; तोच शब्द झिजून माझ्या बापाच्या अंगावर शिवीसारखा यायचा. १९५६ साली धम्म घ्यायची गोष्ट आमच्या आळीतही निघाली होती. बाप म्हणाला, “तो महारांचा धर्म. आपला त्याच्याशी काय संबंध?” मरेपर्यंत हेच म्हणाला. मी चळवळीत आलो तर त्यानं दोन वर्षं अबोला धरला. आज मला त्याला सांगता आलं असतं, संबंध दोन हजार वर्षांचा आहे, दगडावर लिहिलाय. आणि आपल्यातल्या मित्रांनाही सांगायचंय. आमच्या आळीत तुम्ही वर्गणी मागायला किती वेळा आलात? स्टेजवर किती वेळा बसवलंत? बाप चुकला, पण एकटा चुकला नाही.

आणखी एक. आपल्या विहारांतल्या पंख्यांवर नावं रंगवलेली असतात. अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्याकडून सप्रेम भेट. फरशीवर नावं, सतरंजीवर नावं. शिकलेली पोरं त्याला हसतात. मीही हसायचो. अमरावतीहून आलेल्या त्या दगडांपुढं उभं राहिल्यावर हसणं थांबलं. तो स्तूप असाच उभा राहिला, शिळा शिळा करून, नाव नाव करून. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भागावरही धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं आपलं नाव लिहून ठेवलंय. पंख्यावरचं नाव हा त्याच लिहिण्याचा पुढचा भाग आहे. भाचीच्या प्रश्नाला माझं उत्तर हे. ते सुंदर आहे कारण पुष्कळांनी मिळून केलंय, आणि ज्यांनी केलं त्यांनी आपलं नाव लपवलं नाही.

आमच्या गावच्या विहाराला फरशी घालायचीय. एक फरशी बापाच्या नावानं द्यायचं मी ठरवलं. भाऊ म्हणाला, नाव लिही, पण चांभार लिहू नकोस, पोरांना त्रास होईल. त्याचं चुकीचं नाही. विधिकाचा काळ वेगळा, आपला वेगळा. मी आईला विचारलं. ती उंबऱ्यात बसून ऐकत होती. म्हणाली, “नाव लिव्ह. धंदाबी लिव्ह. त्यानं चोरी नव्हती केली.”

विधिकानंही नातेवाइकांत पहिलं नाव आईचं धरलंय. फरशी बसली की कळवतो.

जयभीम.