पेला, चमचा आणि फुटलेलं मडकं



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला भिवंडीत बोलायचं म्हणजे एक सोय असते. आपल्या न्यायशास्त्रात उदाहरण द्यायची वेळ आली की दोनच वस्तू पुढे येतात, घट आणि पट. मडकं आणि कापड. त्यावरूनच लोक आम्हाला ‘घटपटाची खटपट करणारे’ म्हणून हसतात. आता पट तुमच्या गावात रात्रंदिवस विणला जातो, मागांची खटखट ऐकतच तुम्ही मोठे झालात. पटाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? म्हणून आज घटाबद्दल बोलू. आणि त्या घटात आहे दारू.

प्रश्न असा आहे: एखाद्या मद्याचा इतिहास शिल्पात मांडता येतो का? मी बोलतोय मिश्र माध्यमातल्या शिल्पाबद्दल. म्हणजे कलावंताने घडवलेल्या आकारात बाजारातली एखादी खरी वस्तू जशीच्या तशी बसवलेली असते. या प्रकारातलं सगळ्यांत गाजलेलं काम पॅरिसचं आहे. आधी ते नीट बघू, मग आपल्या तालुक्यात येऊ.

पाब्लो पिकासोने १९१४ च्या वसंतात ‘अ‍ॅबसिंथचा पेला’ हे शिल्प केलं. उंची जेमतेम वीतभर, २१-२२ सेंटिमीटर. आधी मेणात घडवलं, मग ब्राँझमध्ये त्याच्या सहा प्रती ओतल्या आणि प्रत्येक प्रत वेगळ्या रंगात रंगवली. एकीवर तर वाळूचा थर दिला. पेल्याची एक बाजू कापून उघडी ठेवलेली आहे, त्यामुळे आतली पोकळी दिसते. वर साखरेचा खडा आहे, तोही ब्राँझचा. पण त्या खड्याखाली जो जाळीदार चमचा आहे, तो खरा आहे. त्या काळी पॅरिसच्या कॅफेत मिळायचा तसला.

आता बघा, पेला खोटा, साखर खोटी, दारू तर नाहीच. खरा आहे फक्त चमचा. असं का?

अ‍ॅबसिंथ ही आपल्या दवण्याच्या जातीतल्या एका कडू वनस्पतीपासून केलेली हिरवट, जहाल दारू. ती प्यायची एक रीत होती. पेल्यावर जाळीचा चमचा ठेवायचा, चमच्यावर साखर, आणि साखरेवर थेंब थेंब गार पाणी सोडायचं. पाणी खाली गेलं की हिरवी दारू दुधासारखी गढूळ होते. चमचा गेला की ही रीत गेली. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर माती हे घटाचं समवायी कारण आणि कुंभार, चाक, काठी ही निमित्त कारणं. काठी मडक्यात कुठे दिसत नाही, पण काठीवाचून चाक फिरत नाही. पिकासोने नेमकं हे निमित्त कारण उचललं आणि शिल्पाच्या माथ्यावर ठेवलं. इतिहास द्रवात साठत नाही, तो हत्यारात साठतो, हे त्याला कळलं होतं असं मी म्हणेन.

आणि इतिहास मोठा आहे. १८६० नंतर फिलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधल्या द्राक्षबागा खाल्ल्या. वाइन महागली आणि अ‍ॅबसिंथ गरिबाच्या आवाक्यातली दारू झाली. पुढे बागा सावरल्या तेव्हा दारूबंदीच्या चळवळीबरोबर वाइनवालेही अ‍ॅबसिंथच्या विरोधात उभे राहिले. वेड लावणारं विष म्हणून तिची बदनामी झाली. मार्च १९१५ मध्ये फ्रान्सने तिच्यावर कायद्याने बंदी घातली, म्हणजे शिल्प झाल्यावर वर्षाच्या आत. तोवर महायुद्ध सुरू झालं होतं. पिकासोचा विक्रेता कान्हवायलर जर्मन होता, म्हणून त्याचा चित्रांचा साठाही फ्रेंच सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केला. ‘जप्त’ हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

पण या शिल्पाची उणीवही सांगितली पाहिजे. पिकासोचा चमचा पिण्याचा आहे, गाळण्याचा नाही. कॅफेच्या टेबलाच्या मागे काय आहे, भट्टी कोणाची, कर कोण खातो, पिऊन कोण रस्त्यावर पडतो, याला त्या शिल्पात जागा नाही. ते प्रामाणिक आहे, पण गिऱ्हाइकाच्या खुर्चीतून बघितलेलं आहे.

आपल्याकडेही एक पेला आहे. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. जानेवारी १९१९ मध्ये गडकरी गेले आणि त्यानंतर त्याच वर्षी ते नाटक रंगभूमीवर आलं. म्हणजे पिकासोच्या पेल्यानंतर पाचच वर्षांनी. सनद तात्पुरती रद्द झालेला वकील सुधाकर, त्याच्या हातात पेला देणारा तळीराम, आणि सगळं सोसणारी सिंधू. मराठी माणसाच्या मनात दारू म्हणजे आजही तो पेलाच आहे. नाटक मोठं आहे, सिंधूचं दुःख खरं आहे. पण तिथला पेला हे प्रतीक आहे, वस्तू नव्हे. ती दारू कुठून आली, हा प्रश्न त्या नाटकाला पडतच नाही. पेला उचलला की दोष उचलणाऱ्याचा. त्यामुळे दारू म्हटलं की आपण पिणाऱ्याच्या चारित्र्याची चर्चा करतो आणि दारूचा इतिहास बाजूला पडतो.

हा इतिहास तुमच्या तालुक्याचा आहे. भिवंडी, शहापूर, वाडा, जव्हार या पट्ट्यात मोहाची झाडं आहेत. फाल्गुन-चैत्रात रात्री फुलं गळतात आणि पहाटे बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात. ती फुलं वाळवून खाल्ली जातात, बियांचं तेल निघतं आणि फुलांची दारूही गाळली जाते. वारली, कातकरी, ठाकूर यांच्याकडे ती देवाला चढते, लग्नात लागते. तिला पेला नाही. मडकं आहे, टोपली आहे, चूल आहे.

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. घरी दारू गाळणं हा गुन्हा झाला. सरकारला कर हवा होता आणि घराघरातल्या चुलीवर कर बसवता येत नाही. म्हणून दारू ठरावीक ठिकाणी गाळायची आणि मक्तेदाराने दुकानात विकायची, अशी व्यवस्था लावली. उरणच्या भट्ट्या त्यासाठी प्रसिद्ध होत्या. तिथेही मोहाचीच दारू गाळायचे. म्हणजे फूल तेच, दारू तीच, फक्त हात बदलला. आदिवासी जी दारू फुकट गाळत होता, ती त्याने आता विकत घ्यायची. लोक ऐकेनात, तेव्हा १८९२ मध्ये सरकारने खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा केला आणि फुलं जमवणं, साठवणं, विकणं यावरच बंधन घातलं. विचार करा, झाडाखाली पडलेलं फूल कायद्याने संशयित झालं! ज्या फुलावर भुकेच्या दिवसांत घर चालायचं, ते घरात सापडणं हाच पुरावा झाला.

पुढे स्वराज्य आलं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. तो आजही महाराष्ट्रात लागू आहे आणि कागदोपत्री अजूनही दारू प्यायला परवाना लागतो. शहरातल्या हॉटेलात तो परवाना कोणी विचारत नाही. पाड्यावर मात्र धाड पडते.

इथे मी टीकाकार म्हणून एक गोष्ट सुचवतो. गावठी दारूचं मिश्र माध्यमातलं शिल्प तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे, वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर. टेबलावर किंवा जमिनीवर ओळीने मांडलेले प्लॅस्टिकचे कॅन, पत्र्याचे पिंप, रबरी नळ्या, काळा गूळ, नवसागर. मागे हात बांधून उभे असलेले अधिकारी. खाली मजकूर: ‘इतके लिटर रसायन जागेवरच नष्ट.’ याला आपण ‘मुद्देमाल’ म्हणतो. मांडणी कोणी केली? सरकारने. खऱ्या वस्तू आहेत का? आहेत. पिकासोच्या चमच्यापेक्षा जास्त आहेत. पण त्या वस्तूंना एकच वाक्य बोलायची परवानगी आहे: आम्ही सापडलो.

तेव्हा कोणी म्हणेल, सर, तुम्ही दारूची बाजू घेताय. तसं नाही. जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने १०० हून अधिक माणसं मेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल मोहाच्या झाडाखाली पडत नाही, ते कारखान्याच्या पिंपातून येतं. फुलाची दारू जाऊन नवसागराची आली आणि तिच्यामागून मिथेनॉल आलं, हा प्रवास बंदीच्या सावलीतच झाला. तो शिल्पात दिसला पाहिजे.

आणि दुसरी बाजू त्याहून अवघड आहे. १९७२ च्या सुमाराला शहाद्याच्या भागात भिल्ल बायकांनी दारूच्या गुत्त्यांवर मोर्चे नेले आणि मडकी फोडली. नवरा पिऊन मारतो, मजुरी गुत्त्यात जाते, हे त्या भोगत होत्या. आता हे बघा. धाडीत शिपाई मडकं फोडतो आणि मोर्चात बाई मडकं फोडते. खापऱ्या दोन्हीकडे सारख्याच. खापरीकडे बघून कोणी सांगू शकेल का, ही कोणाच्या हाताने फुटली?

आमच्या शास्त्रात फुटलेल्या घटालाही नाव आहे: प्रध्वंसाभाव. घट फुटल्यावर जो अभाव उरतो तो. नैयायिक म्हणतात, हा अभाव खरा आहे, तो डोळ्यांना कळतो. त्याला आरंभ आहे, पण अंत नाही. तेच मडकं पुन्हा होत नाही. आणि त्याला कारणही असतं, काठी नाहीतर सोटा. म्हणजे अभावालाही निमित्त कारण असतं! माझ्या मते मोहाच्या दारूवरच्या शिल्पाचं सगळं काम इथे आहे. मडकं दाखवणं सोपं. खापऱ्या दाखवणंही सोपं. खापरीला तिचं निमित्त परत मिळवून देणं, काठी कोणाची होती हे माध्यमातून कळवणं, हे कठीण.

हे आजच का सांगतोय? कारण वारा बदललाय. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये फेणी वारसा पेय ठरली. मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला वारसा म्हणून बाजारात आणायचं ठरवलं. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. वेचणाऱ्या बाईला चार पैसे मिळाले तर चांगलंच. पण वारसा म्हटला की पाठोपाठ संग्रहालय येतं, शिल्प येतं, हॉटेलच्या दालनात उजेडात ठेवलेलं सुंदर मडकं येतं. बाटलीवर नाचणारी वारली माणसं छापली जातील. जिव्या सोमा मशे यांनी ज्या चित्रकलेला जगभर नेलं, तिच्यात ताडावर चढणारा माणूस आहे, पण तो पेरणीच्या, लग्नाच्या, देवाच्या मध्ये आहे. त्याला कापून एकटा बाटलीवर चिकटवला की तो जाहिरात होतो.

इथे कलाशाखेची मुलं बसली आहेत, त्यांना एवढंच सांगतो. असं शिल्प करायला घ्याल तर काचेचा पेला टाळा, तो आपल्या डोक्यात आधीच भरलेला आहे. पिकासोसारखी एक खरी वस्तू घ्या, पण ती पिणाऱ्याच्या हातातली नको, वेचणाऱ्या, गाळणाऱ्या किंवा फोडणाऱ्या हातातली घ्या. ती विकत घेतलीत तर कोणाकडून, किती पैशांना, हे शेजारी लिहा. आणि झाल्यावर ते आधी पाड्यावर नेऊन दाखवा. तिथली म्हातारी जर म्हणाली, हे धाडीतल्या फोटोसारखंच दिसतंय, तर शिल्प अजून व्हायचंय असं समजा.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.