आडवाटेचा मोह : जॉन बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चे एक वाचन

जॉन बन्यन (१६२८-१६८८) याचा 'द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हा ग्रंथ १६७८ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीशी त्याचे नाते जुने आहे. हरि केशवजी यांनी केलेले त्याचे भाषांतर 'यात्रिकक्रमण' या नावाने १८४१ मध्ये निघाले, म्हणजे बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'च्या (१८५७) सोळा वर्षे आधी. वाङ्मयेतिहासात या भाषांतराची नोंद असते, परंतु मूळ कृतीचे वाचन आपल्याकडे क्वचितच होते. पात्रांच्या नावांतच त्यांचा निकाल लागलेला असल्याने या रूपककथेत शोधण्यासारखे काही उरत नाही, असा एक समज त्यामागे आहे. हा समज तपासण्यासारखा आहे. कारण बन्यनचा खरा विषय पाप हा नसून सोय हा आहे, आणि सोयीचे रूप नावावरून ओळखू येत नाही.

नावे वाचकाला दिसतात, यात्रिकाला नव्हे. पाठीवर ओझे घेऊन निघालेल्या ख्रिश्चनला वाटेत वर्ल्डली वाइजमन (व्यवहारशहाणा) भेटतो, तेव्हा त्याला भेटतो तो एक सभ्य, पोक्त, सहानुभूतीने बोलणारा गृहस्थ. तो ख्रिश्चनला दुराचार शिकवीत नाही. जवळच नीती नावाचे गाव आहे, तेथे एक सज्जन ओझी उतरवून देतो, घरे स्वस्त आहेत, बायकामुलांनाही तेथेच बोलावून घे, एवढाच त्याचा सल्ला आहे. मराठी वाचक येथे अडखळतो, आणि ते योग्यच आहे. नीतीने वागणे हा मोह कसा? बन्यनच्या प्रॉटेस्टंट श्रद्धेनुसार मनुष्याचा उद्धार कृपेने होतो. स्वतःच्या सदाचरणाच्या हिशेबावर तो मागणे म्हणजे क्रूसापर्यंतचा प्रवास टाळणे होय. म्हणून त्या गावाकडे जाणाऱ्या वाटेवरचा डोंगर ख्रिश्चनच्या अंगावर झुकतो आणि पाठीवरचे ओझे हलके होण्याऐवजी अधिक जड वाटू लागते. हा सिद्धान्त मान्य असो वा नसो, त्यामागील मानसशास्त्रीय निरीक्षण मार्मिक आहे. प्रतिष्ठेच्या आधाराने अपराधभाव झाकता येतो, उतरविता येत नाही.

फॉर्मलिस्ट (आचारनिष्ठ) आणि हिपॉक्रिसी (दांभिक) यांचा प्रसंग त्याहून बोलका आहे. हे दोघे अरुंद दारातून न येता भिंतीवरून उडी मारून वाटेवर उतरतात. ख्रिश्चन जाब विचारतो, तेव्हा ते कायद्याची भाषा बोलतात : दार फार लांब पडते, ही जवळची वाट हजारांहून अधिक वर्षांची वहिवाट आहे, निःपक्षपाती न्यायाधीश ती मान्य करील, आणि शेवटी काय, तूही वाटेवर आहेस, आम्हीही आहोत. 'यात्रिकक्रमण' या शीर्षकातील 'क्रमण' हा शब्द येथे आठवतो. वाट पावलापावलाने क्रमायची असते. ती तशी न क्रमता मधूनच गाठली, तर मराठीत त्याला त्याच धातूपासून आलेला शब्द आहे, अतिक्रमण. पुढे कठीण टेकडीच्या पायथ्याशी दोन सपाट फाटे दिसतात, तेव्हा हे दोघे त्यांवर वळतात आणि कथेतून नाहीसे होतात. कष्टाची चढण आली की भिंतीवरून आलेला मनुष्य पुन्हा फाटाच शोधणार, इतके साधे हे तर्कशास्त्र आहे.

वहिवाट आणि न्यायालय ही भाषा बन्यनच्या कानांवरून गेलेली होती. बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावचा हा तांबट-कल्हईवाला परवान्याशिवाय प्रवचने करतो म्हणून नोव्हेंबर १६६० मध्ये पकडला गेला आणि १६७२ पर्यंत तुरुंगात राहिला. बारा वर्षांची ही शिक्षा एका अर्थाने त्याच्याच हाती होती. जाहीर प्रवचन करणार नाही, एवढे वचन दिले असते तर सुटका झाली असती. अधिकाऱ्यांनी समजुतीच्या सुरात त्याला हे सांगून पाहिले. पत्नी एलिझाबेथ हिने १६६१ मध्ये न्यायाधीशांपुढे दाद मागितली, ती फळाला आली नाही. घरी चार मुले, त्यांतील थोरली मेरी अंध. तुरुंगात नाड्यांना टोके बसवून तो संसाराला हातभार लावीत असे. १६६६ च्या आत्मकथनात या मुलीच्या चिंतेने होणारी कालवाकालव त्याने लपविलेली नाही. असा मनुष्य व्यवहारशहाण्याच्या तोंडी बायकामुलांना बोलावून घेण्याचा सल्ला घालतो, तेव्हा त्याला उपदेशकाची सोपी युक्ती म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तो युक्तिवाद बन्यनने आतून ऐकलेला आहे.

ग्रंथाचा गाभा मात्र आडवाटेच्या कुरणात आहे. येथे चुकणारा कोणी दांभिक नाही, तर स्वतः ख्रिश्चन आहे. वाट खडबडीत, पाय सोललेले, आणि शेजारी वाटेला लागूनच जाणारे मऊ गवताचे कुरण. होपफुल (आशावंत) हा सोबती शंका काढतो, तर ख्रिश्चनच त्याची समजूत घालतो. अनुभवी मनुष्याच्या शब्दावर विसंबून नवखा फसतो, ही गोष्ट आपणा शिक्षकांना अस्वस्थ करणारी आहे. मग रात्र, पाऊस, चढते पाणी आणि निराशा-राक्षसाचा किल्ला. बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत दोघे अन्नपाण्याविना कोठडीत पडतात. तेथे राक्षस त्यांना सुटकेची सर्वांत जवळची वाट सुचवितो : स्वतःचे जीवन संपवावे. ख्रिश्चनचे मन त्याकडे झुकते. पाय दुखतात म्हणून घेतलेले वळण येथवर येऊन पोहोचते. सांत्वन करतो तो कालचा नवखा होपफुल, आणि तो सिद्धान्त सांगत नाही. वाटेत पूर्वी पार पडलेल्या संकटांची आठवण करून देतो.

अखेरीस ख्रिश्चनला आठवते की वचन नावाची किल्ली आपल्या छातीशीच आहे. यावर आक्षेप घेता येईल : ऐन वेळी सापडलेली किल्ली हीदेखील लेखकाने काढलेली पळवाटच नाही काय? माझ्या मते नाही. एक तर ती किल्ली नवी मिळत नाही, विसरलेली आठवते. दुसरे, शेवटच्या लोखंडी दरवाजाचे कुलूप उघडताना फार जड गेल्याचे बन्यन आवर्जून सांगतो. श्रद्धा मोहाला हरविते ती इच्छाशक्तीच्या बळावर नव्हे, तर दिलेल्या शब्दाच्या स्मरणावर, आणि त्या स्मरणालाही मनगटाचा जोर लागतो. बाहेर पडल्यावर दोघे त्या कुरणाच्या तोंडाशी इशाऱ्याचा खांब उभारतात.

एका ठिकाणी मात्र बन्यनशी सहमत होता येत नाही. इग्नोरन्स (अज्ञान) हा तरुण वाकड्या गल्लीतून वाटेला लागतो, भल्या मनाने चालतो, मिथ्या आशेच्या नावेतून नदीही सुखाने ओलांडतो, आणि दाखला नाही म्हणून स्वर्गाच्या दारातूनच त्याला नरकात नेले जाते. रचनेच्या दृष्टीने हे सुसंगत आहे, कारण तोही दारातून आलेला नव्हता. परंतु भिंतीवरून जाणूनबुजून उडी मारणारा आणि दार कोठे आहे हे नीट न उमगलेला यांत नैतिक अंतर आहे, आणि ग्रंथाने ते पुसून टाकले आहे. १६८४ च्या दुसऱ्या भागात ख्रिस्टियाना मुलांसह निघते तेव्हा बन्यनचा हात मऊ झालेला दिसतो. लंगड्यांना, भित्र्यांना सोबत घेऊन ही मंडळी सावकाश चालतात. कठीण टेकडीच्या पायथ्याचे ते दोन फाटे आता साखळ्या, खांब आणि चर घालून बंद केलेले आहेत; तरीही चढण नको म्हणून त्यांवरून जाणारे आजही आढळतात, असे वाटाड्या त्यांना सांगतो.