ड्यूई, जॉन
(२० ऑक्टोबर १८५९–१ जून १९५२). अमेरिकन तत्त्वज्ञ, मानसशास्त्रज्ञ व शिक्षणसुधारक. चार्ल्स पर्स व विल्यम जेम्स यांच्याबरोबर फलप्रामाण्यवादाचा एक प्रमुख प्रवर्तक. जन्म व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे. व्हरमाँट विद्यापीठातून १८७९ मध्ये पदवी. काही काळ शाळेत अध्यापन केल्यानंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १८८४ मध्ये पीएच्.डी. मिशिगन, मिनेसोटा, शिकागो (१८९४–१९०४) व अखेरीस कोलंबिया या विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. कोलंबियातून १९३० मध्ये निवृत्त.

ड्यूईची ग्रंथसंपदा विपुल आहे आणि तिचा बराच भाग वाचावयास कठीण आहे. त्याची वाक्ये लांब, उदाहरणे विरळ आणि पारिभाषिक शब्द बहुधा नित्याच्याच व्यवहारातून उचलून वेगळ्या अर्थाने योजिलेले असतात. ‘अनुभव’ हा शब्दच घेतला, तर त्याच्या निरनिराळ्या ग्रंथांत त्याचा विस्तार इतका बदलत जातो, की अखेरच्या काळात त्याऐवजी ‘संस्कृती’ हा शब्द योजणे बरे झाले असते असे खुद्द ड्यूईलाच वाटू लागले होते. ही दुर्बोधता केवळ शैलीची नव्हे. शरीर आणि मन, ज्ञान आणि कृती, साधन आणि साध्य, व्यक्ती आणि समाज अशी जी द्वंद्वे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या भाषेत मुरलेली आहेत, ती त्याला मोडावयाची होती. पण मोडण्यासाठी त्याच्या हाती भाषा तीच होती.

या प्रयत्नाचा आरंभ ‘द रिफ्लेक्स आर्क कन्सेप्ट इन सायकॉलॉजी’ (१८९६) या लेखात स्पष्ट दिसतो. मूल ज्योत पाहते, हात पुढे करते, पोळते आणि हात मागे घेते. तत्कालीन मानसशास्त्र या घटनेचे चेतक, संवेदना व प्रतिसाद असे सुटे तुकडे करीत असे. ड्यूईच्या मते पाहणे हीही एक क्रियाच आहे. हात पुढे जात असताना दृष्टी त्याला वळण देत असते आणि पोळल्यानंतर त्या मुलाला दिसणारी ज्योत ही पूर्वीची ज्योत राहत नाही. तरुणपणीच्या हेगेलवादाचा साकल्याविषयीचा आग्रह येथे टिकून आहे. मात्र त्याला आता डार्विनच्या जीवशास्त्राचा आधार मिळाला आहे. परिस्थितीशी झगडणारा जीव आणि त्या झगड्यात घडणारा विचार, हे पुढील सर्व ग्रंथांचे बीज या छोट्या लेखात आहे.

त्याच वर्षी जानेवारीत त्याने शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून एक शाळा सुरू केली. आरंभी १६ मुले होती. १९०२ पर्यंत ही संख्या १४० वर गेली. ‘द स्कूल अँड सोसायटी’ (१८९९) हा त्याचा सर्वांत वाचनीय ग्रंथ या शाळेविषयीच्या व्याख्यानांतून तयार झाला. मुलांसाठी योग्य बाके शोधताना आलेला अनुभव त्यात नमूद आहे : बाजारातील सर्व बाके ऐकण्यासाठी बनविलेली, काम करण्याजोगे एकही नाही, हे अखेर एका दुकानदारानेच त्याला सांगितले. त्या शाळेतील मुले कच्चा कापूस व लोकर हाताळून दोहोंची तुलना करीत. बोंडातील सरकी हाताने वेगळी करू लागल्यावर अर्ध्या तासात जेमतेम एक औंसदेखील कापूस निघत नाही, हे त्यांना स्वतः कळे. आणि लोकरीच्या मानाने सुती वस्त्रांचा उद्योग मागाहून का वाढला, हा इतिहासाचा प्रश्न त्यांच्या बोटांतून उलगडे. धाग्यापासून यंत्रापर्यंत आणि यंत्रापासून समाजाच्या घडणीपर्यंत जाण्याची ही वाट ड्यूईच्या शिक्षणविचाराचे मर्म होय. हस्तव्यवसाय हा येथे विषय नसून सर्व विषयांत शिरण्याचे द्वार आहे. तयार मालाच्या किमतीशी त्याला कर्तव्य नाही, हे तो आवर्जून सांगतो. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३७ मध्ये वर्धा येथे मांडल्या गेलेल्या मूलोद्योगी शिक्षणाच्या योजनेशी ड्यूईच्या विचारांची तुलना अनेकदा होते, ती करताना हा भेद विसरता येत नाही. वर्धा योजनेत उद्योगाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च भागावा ही अपेक्षा होती. ड्यूईच्या दृष्टीने अशा अपेक्षेने उद्योगाचे शैक्षणिक मूल्यच धोक्यात आले असते.

त्याची पत्नी ॲलिस चिपमन ही या शाळेची प्रमुख होती. शाळेचे विलीनीकरण आणि तिची नेमणूक यांवरून विद्यापीठाच्या अध्यक्षाशी मतभेद होऊन १९०४ मध्ये ड्यूईने शिकागो सोडले. त्यानंतर त्याने स्वतःची शाळा कधीही चालविली नाही. पुढील शैक्षणिक लेखनात सिद्धांताची उंची वाढली. पण कापसाच्या बोंडासारखी उदाहरणे कमी होत गेली.

‘हाऊ वुई थिंक’ (१९१०) मध्ये विचारप्रक्रियेच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत : अडचण जाणवणे, तिचे स्वरूप निश्चित करणे, उपाय सुचणे, त्याचे परिणाम तर्काने ताडणे व प्रत्यक्ष पडताळा घेणे. हर्बार्टच्या अनुयायांच्या पंचपदीला कंटाळलेल्या अध्यापक-विद्यालयांनी या पायऱ्यांचीही एक नवी पंचपदी करून टाकली, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. १९३३ च्या सुधारित आवृत्तीत या अवस्थांचा क्रम ठरीव नसल्याचे ड्यूईने स्पष्ट केले. पण तोवर पाठ्यपुस्तके छापून झाली होती.

‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ (१९१६) हा त्याचा प्रमुख ग्रंथ. लोकशाही ही राज्यकारभाराची केवळ एक पद्धती नसून एकत्र जगण्याची व अनुभवांची देवघेव करण्याची रीत आहे, हे त्यातील मध्यवर्ती प्रतिपादन. एखाद्या समाजाची पारख करण्यासाठी तो दोन प्रश्न विचारतो : त्यातील व्यक्तींचे हितसंबंध किती व्यापक प्रमाणात समाईक आहेत आणि इतर समाजांशी त्याचे दळणवळण किती मोकळे आहे? शिक्षणाला स्वतःपलीकडे साध्य नाही. वाढ हेच त्याचे साध्य, असेही येथे म्हटले आहे. हे विधान जितके प्रभावी, तितकेच निसरडे आहे. चोरही आपल्या कलेत वाढत जातो, हा आक्षेप ‘एक्स्पीरिअन्स अँड एज्युकेशन’ (१९३८) मध्ये ड्यूईने स्वतःच उपस्थित केला आणि त्या वाढीमुळे पुढील वाढीची दारे उघडतात की मिटतात ते पाहावे, असे उत्तर दिले. या उत्तराने प्रश्न सुटत नाही, केवळ पुढे ढकलला जातो; कारण कोणती दारे उघडी राहावीत हे ठरविण्यासाठी वाढीखेरीज अन्य निकष लागतोच. ड्यूईपाशी तो निकष होता. तो म्हणजे लोकशाही. पण लोकशाही ही वाढीची कसोटी की वाढ ही लोकशाहीची, याचा निर्णय त्याने दिला नाही.

वरील छोट्या ग्रंथाचे महत्त्व दुसऱ्या कारणासाठी अधिक आहे. विल्यम किलपॅट्रिकच्या प्रकल्प पद्धतीपासून (१९१८) निघालेल्या प्रागतिक शाळांत मुलांची तात्कालिक लहर हीच अभ्यासक्रमाची दिशा होऊ लागली होती. प्रत्येक अनुभव शिक्षणप्रद नसतो; सातत्य व आंतरक्रिया या कसोट्यांना तो उतरला पाहिजे आणि ते पाहणे शिक्षकाचे काम आहे, असे वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी ड्यूईने आपल्याच अनुयायांना बजावले. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकन शाळांच्या शैथिल्याचे खापर त्याच्या नावावर फोडण्यात आले. टीकाकारांनी हा ग्रंथ वाचलेला दिसत नाही.

ज्ञानमीमांसेत ड्यूईची भूमिका साधनवाद म्हणून ओळखली जाते. ‘द क्वेस्ट फॉर सर्टन्टी’ (१९२९) मध्ये त्याने अढळ सत्याच्या शोधामागे श्रमाविषयीची जुनी तुच्छता दाखवून दिली. हात न मळविता मिळणारे ज्ञान श्रेष्ठ, हा ग्रीक समजही गुलामांच्या श्रमावर उभा होता. ‘लॉजिक : द थिअरी ऑफ इन्क्वायरी’ (१९३८) मध्ये सत्याऐवजी, अन्वेषणाने समर्थित झालेले विधान ही संकल्पना येते. बर्ट्रंड रसेलचा आक्षेप असा, की सकाळी आपण कॉफी घेतली की नाही हे विधानाच्या परिणामांवर अवलंबून नसते. भूतकाळाविषयीच्या विधानांपुरता हा आक्षेप बिनतोड आहे. ड्यूईचे सामर्थ्य अन्यत्र, जेथे माणसाला अद्याप काही करावयाचे असते अशा प्रश्नांत आहे.

सार्वजनिक जीवनात त्याचे निर्णय नेहमीच योग्य ठरले असे नाही. पहिल्या महायुद्धातील अमेरिकेच्या प्रवेशाचे त्याने समर्थन केले, तेव्हा साध्ये न तपासता साधनांची कुशलता सांगणारे तत्त्वज्ञान अखेर सत्तेच्या सेवेला लागते, अशी टीका त्याचाच विद्यार्थी रॅन्डॉल्फ बोर्न याने १९१७ मध्ये केली. ती ड्यूईच्या वर्मी लागणारी होती. पुढे युद्ध बेकायदा ठरविण्याच्या चळवळीत तो सामील झाला आणि ‘द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स’ (१९२७) मध्ये, सामान्य नागरिकाला आधुनिक कारभार कळणे शक्य नाही या वॉल्टर लिपमनच्या मताला त्याने उत्तर दिले. बूट कोठे चावतो हे तो घालणाऱ्यालाच कळते. चांभार कितीही कुशल असला तरी त्याला ते विचारावेच लागते, असा त्याचा युक्तिवाद आहे.

कोलंबियात १९१३–१६ या काळात शिकलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मध्ये ड्यूईचे ऋण नावानिशी मान्य केले आहे. समाजाची पारख करणारे ते दोन प्रश्न त्यांनी जातिव्यवस्थेला विचारले आणि ती श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे असे दाखविले. गुरूने स्वतःच्या देशातील वर्णभेदाविषयी लिहिले ते फार थोडे. शिष्याने तीच साधने आपल्या समाजातील सर्वांत कठीण जागी वापरली. मात्र संवादाने व शिक्षणाने समाज पालटेल हा ड्यूईचा भरवसा त्यांनी जसाच्या तसा घेतला नाही. ज्या धर्मग्रंथांच्या प्रामाण्यामुळे देवघेवच निषिद्ध ठरते, ते प्रामाण्य आधी नाकारले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

‘आर्ट ॲज एक्स्पीरिअन्स’ (१९३४) हा सौंदर्यशास्त्रावरील ग्रंथ ड्यूईच्या उत्तरायुष्यातील सर्वांत समृद्ध निर्मिती आहे. त्याच्या मृत्यूनंतर विश्लेषक तत्त्वज्ञानाच्या वर्चस्वामुळे तो मागे पडला होता. रिचर्ड रॉर्टीने १९७९ मध्ये व्हिट्गेनश्टाइन व हायडेगर यांच्या पंक्तीला त्याला बसविल्यापासून त्याचे वाचन पुन्हा होऊ लागले. त्याचे समग्र लेखन ३७ खंडांत १९६७ ते १९९० या काळात प्रसिद्ध झाले. आधुनिक तत्त्वज्ञानावरील, हरवला असे समजला गेलेला त्याचा एक अपूर्ण ग्रंथ २०१२ मध्ये प्रकाशित झाला. न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले.