मांजरांचा तो मोठा आकडा लोणारला लागू होतो का?

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य ठोकून दिलं होतं: मोकाट मांजरं अमेरिकेत दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, म्हणून लोणार अभयारण्यातल्या पक्ष्यांनाही धोका आहे. गाइडनी 'म्हणून'भोवती लाल गोल काढला. बरोबरच होता तो.

आकडा लॉस, विल आणि मारा यांच्या २०१३ च्या 'नेचर कम्युनिकेशन्स'मधल्या पेपरचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याचा अॅब्स्ट्रॅक्टच वाचला असेल. मीही तेवढाच वाचला होता. आता पद्धत बघा. जुन्या अभ्यासांतून मांजरांची संख्या आणि एका मांजरामागची शिकार यांच्या मर्यादा घेतल्या, आणि संगणकावर पुन्हापुन्हा यादृच्छिक किमती टाकून उत्तर काढलं. पद्धत वाईट नाही. कोणत्या गृहीतकामुळे उत्तर जास्त हलतं, हेही त्यांनी मोकळेपणाने दाखवलंय. त्यातलं मोठं गृहीतक म्हणजे बेवारस मांजरांची संख्या: ३ ते ८ कोटी! पक्ष्यांच्या मृत्यूंपैकी सुमारे ६९ टक्के यांच्याच खात्यावर. म्हणजे मोठा वाटा सगळ्यात कच्च्या आकड्यावर उभा.

आपल्याकडे तर 'पाळीव' आणि 'बेवारस' हा भेदच टिकत नाही. बुलढाण्याकडच्या गावात मांजर एका घरी दूध पितं, दुसऱ्याच्या सोयाबीनच्या पोत्यांवर झोपतं, उंदीर तिसऱ्याकडचे मारतं. मालक कोण? तुमच्या प्रश्नावलीत हा रकाना असेल तर तो आधी खोडा.

दुसरं, किती पक्षी मेले यावरून त्यांची संख्या घटली का, हे कळत नाही. त्यासाठी एकूण पक्षी किती आणि त्यातले किती एरवीही मेले असते, हे लागतं.

आरोग्याच्या बाजूलाही हीच घाई दिसते. टॉक्सोप्लाझ्माचे ऊसिस्ट मांजराच्या विष्ठेतून मातीत येतात हे खरं, पण मांजर ते सहसा पहिल्या संसर्गानंतर काही आठवडेच टाकतं. माणसाला हा संसर्ग कच्च्या राहिलेल्या मटणातूनही होतो. त्यामुळे रक्तात अँटिबॉडी सापडली म्हणून शेजारचं मांजर दोषी ठरत नाही.

मग लोणारला काय करायचं? मी कमळजादेवीच्या वाटेवरची विष्ठा गोळा करून त्यातली पिसं, हाडं बघायचं म्हटलं. गाइडचा पुढचा प्रश्न: ती गावातल्या मांजराची की रानमांजराची, नुसत्या डोळ्यांनी कसं ओळखणार? आता बजेटमध्ये डीएनए तपासणीचा खर्च घातलाय.