कविता महाजन : कवयित्रीचा कान आणि कादंबरीचा आवाज

नव्वदोत्तर मराठी साहित्याचा विचार करताना कविता महाजन (१९६७–२०१८) यांचे नाव प्रामुख्याने ‘ब्र’ (२००५) आणि ‘भिन्न’ (२००७) या दोन कादंबऱ्यांच्या संदर्भात घेतले जाते. या कादंबऱ्यांची चर्चा स्त्रीवाद, आदिवासी जीवन, स्वयंसेवी संस्थांचे अंतरंग, एचआयव्ही-एड्स अशा विषयांच्या अंगाने झाली व ती होणे स्वाभाविकही होते. मात्र त्यामुळे त्यांची कविता वेगळ्या कप्प्यात राहिली आणि त्यांनी संकलित केलेली वारली लोकगीते तर ग्रंथसूचीतील एक नोंद म्हणूनच उरली. प्रस्तुत लेखिकेच्या मते हे तीन कप्पे एकत्र केल्याखेरीज महाजन यांच्या कादंबरीचे सामर्थ्य कळत नाही आणि तिची मर्यादाही कळत नाही.

महाजन यांचा जन्म नांदेडचा. पुढे अनेक वर्षे त्यांचे वास्तव्य वसईला होते. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि वसई त्यात समाविष्ट झाली. त्यामुळे बोईसर-पालघर परिसरात अध्यापन करणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या आपल्या जिल्ह्याच्या लेखिका वाटतात. त्यात थोडा स्थानिक अभिमान आहे हे मान्य करावयास हवे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुणे येथे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कविता, कादंबरी, बालसाहित्य, सदरलेखन, अनुवाद, संपादन एवढा पसारा त्यांनी त्या अवधीत उभा केला.

त्यांच्या पुस्तकांची शीर्षके जवळजवळ ठेवून पाहिली असता एक गोष्ट लक्षात येते. ‘धुळीचा आवाज’, ‘ब्र’, ‘कुहू’ या तिन्ही शीर्षकांत ध्वनी आहे. ‘ब्र’ हा तर पूर्ण शब्दही नव्हे. मराठीत तो बहुधा नकाराच्या सोबतीनेच येतो : ब्र काढला नाही, ब्र काढायचा नाही. बाईने ब्र काढला असे होकारार्थी वाक्य आपण सहसा बोलत नाही. भाषेने ज्या अक्षराला स्वतंत्र जगण्याची मुभा दिली नाही, त्यालाच कादंबरीच्या मुखपृष्ठावर एकटे उभे करणे ही कवीची कृती आहे. ‘तत्पुरुष’ या कवितासंग्रहाच्या नावातही हीच दृष्टी दिसते. तत्पुरुष समासात उत्तरपद प्रधान असते, पूर्वपद गौण असते आणि त्याचा विभक्तिप्रत्यय लोप पावतो. ‘तो पुरुष’ असा सरळ अर्थ त्या शब्दात आहेच. परंतु संबंध दाखविणारा प्रत्यय गळून जातो आणि कोण प्रधान एवढेच उरते, ही व्याकरणातील व्यवस्था स्त्री-पुरुष नात्याला किती चपखल लागू पडते हे वेगळे सांगावयास नको.

‘ब्र’ची पार्श्वभूमी ऐतिहासिक आहे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण निम्म्यावर गेले. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ चा पेसा कायदा आला. कागदावर सत्ता आली, पण सरपंचबाईच्या खुर्चीमागे पती, पाटील वा ग्रामसेवक उभाच राहिला. या फटीत ‘ब्र’ घडते. वैवाहिक आयुष्य मोडल्यानंतर संस्थेच्या कामात शिरलेली प्रफुल्ला आदिवासी भागातील महिला सरपंचांना भेटते, त्यांचे ऐकते आणि त्या ऐकण्यातून स्वतःकडेही पाहू लागते.

या कादंबरीची रचना सैल आहे, एकीमागून एक बायका येतात, हकिगती साचत जातात, असा आक्षेप घेता येतो. तो चुकीचा नाही. परंतु ज्या कानाने हे ऐकले आहे तो लोकगीते ऐकून घडलेला कान आहे, हे ध्यानात घेतले तर त्या सैलपणाचा वेगळा उलगडा होतो. वारली लग्नात धवलेरी गाते. भिंतीवरचा पालघट देवीचा चौक आणि धवलेरीचे गाणे हे एकाच विधीचे दोन भाग. त्या गाण्यात कथानक चढत जाऊन शिखर गाठत नाही. ते फिरून फिरून येते, नावे घेते, प्रत्येकाला जागा देते. ‘ब्र’मधील बायकाही अशाच आपापल्या पाळीने येतात. (जाता जाता एक नोंद करावीशी वाटते : चौकातील स्त्रियांचे चित्र १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून कागदावर आले व जगभर पोहोचले. गाण्याला असे भाग्य लाभले नाही.)

तरीही एक प्रश्न उरतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बोलतात त्या आदिवासी स्त्रिया, पण ऐकते आणि मांडते ती मध्यमवर्गीय प्रफुल्ला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकातही निवेदन बाहेरून आलेल्या कार्यकर्तीचेच आहे. मात्र तेथे लढा समोर असल्याने निवेदकाचे खासगी दुःख मध्ये येत नाही. ‘ब्र’मध्ये ते येते. द्वितीय वर्ष कला शाखेच्या वर्गात या कादंबरीवर चर्चा चालू असताना एका वारली विद्यार्थिनीने सांगितले, की तिची आत्या पाच वर्षे पंचायतीत सदस्य होती आणि तिने सही सोडून काही केले नाही. पण प्रफुल्लासारखी बाई तिला भेटली असती तर आत्या तिच्याशी एवढे बोललीच नसती. समीक्षेच्या परिभाषेत ज्याला आपण प्रतिनिधित्वाचा प्रश्न म्हणतो, तो त्या मुलीने एका वाक्यात मांडला. महाजन यांना हा पेच ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. प्रफुल्लाच्या चुका, तिचा संस्थेविषयीचा भ्रमनिरास, तिचे अपुरेपण त्यांनी झाकलेले नाही. तथापि अपुरेपणाची कबुली दिली म्हणून जागा रिकामी होत नाही, ती निवेदिकेकडेच राहते.

‘भिन्न’मध्ये हा तोल अधिक ढळतो. एचआयव्हीबाधित स्त्रीचे जग मराठीत एवढ्या धीटपणे क्वचितच आले आहे, परंतु माहितीचा भार पात्रांना पेलत नाही व काही ठिकाणी संवाद अहवालासारखे होतात. ‘कुहू’ (२०११) मध्ये त्या पुन्हा ध्वनीकडे वळल्या. शब्दांच्या जोडीला चित्र, संगीत आणि जंगलाचे आवाज घेणारी ही मराठीतील पहिली मल्टिमीडिया कादंबरी म्हणून गाजली. प्रयोगाच्या नवलाईत तिच्या गद्याकडे दुर्लक्ष झाले असे वाटते.

त्यांचे अनुवादकार्यही याच कानाचे काम आहे. इस्मत चुगताई यांच्या कथांच्या ‘रजई’ या अनुवादास २०११ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. ‘भारतीय लेखिका’ या मालेद्वारे त्यांनी इतर भाषांतील स्त्रियांचे लेखन मराठीत आणले. अनुवादक स्वतःचा आवाज मागे घेतो. ‘ब्र’मध्ये जे पूर्णतः साधले नाही ते येथे साधले आहे.

उपरोक्त विद्यार्थिनी नंतर ‘वारली लोकगीते’ घरी घेऊन गेली. तिच्या आजीने एक गाणे ऐकून आपल्या पाड्यावर ते असे नाही, असे सांगितले व स्वतःचे म्हणून दाखविले. मुलीने ते वहीच्या दोन पानांवर उतरवून आणले. छापील पाठ आणि आजीचा पाठ यांत पाच ठिकाणी फरक आहे आणि त्यांपैकी दोन ठिकाणी आजीचा पाठ अधिक अर्थपूर्ण वाटतो.